जुनी फेरारी घेताय? आधी बेल्टची पावती बघा

न्यू जर्सीत माझ्याकडे सहा वर्षांपासून २००१ची फेरारी ३६० मोडेना आहे. जुनी फेरारी घ्यायची म्हणून कुणी फोन केला, की पहिला प्रश्न हमखास ‘किती मैल चाललीय?’ तो नंतर विचारा. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा रबरी पट्टा, शेवटचा कधी बदलला ते आधी विचारा, आणि तोंडी उत्तरावर जाऊ नका, पावती बघा. बेल्टचं रबर गाडी उभी असली तरी म्हातारं होतं. तो तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिन गेलंच समजा. मी दर तीन वर्षांनी बदलतो. ३६०च्या आधीच्या एफ३५५ मॉडेलमध्ये या कामासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं, म्हणून मजुरी भारी. ३६०मध्ये सीटमागचं झाकण काढून हात पोचतो. ३६०नंतरच्या एफ४३०मध्ये बेल्टच नाही, चेन आहे. पहिल्यांदाच घेत असाल तर माझं मत एफ४३०च्याच बाजूने.

स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी गाडी असेल, तर क्लच किती झिजलाय हे संगणक लावून कळतं. तो आकडा हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

टायरची नक्षी छान दिसली तरी बाजूचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला.

गाडीच्या किमतीच्या दहा टक्के पैसे दरवर्षी वेगळे काढा. बॅटरीला मेंटेनर, म्हणजे गाडी उभी असताना ती चार्ज ठेवणारं यंत्र, लावा. आणि रविवारी सकाळी तासभर तरी चालवा, तेल नीट तापेपर्यंत. झाकून ठेवलेल्या गाडीचे सील, म्हणजे तेल गळू न देणाऱ्या रबरी कड्या, सुकतात.