पावसाचा नकाशा रंगवताना आधी पातळ्या ठरवा

नाशिक जिल्ह्याच्या पावसाचा कंटूर नकाशा (सारख्या पावसाचे भाग रंगांच्या पट्ट्यांनी दाखवणारा) मॅटप्लॉटलिबमध्ये, म्हणजे पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीत, काढताना रंगपट्टी (कुठला रंग किती पावसाचा, हे सांगणारी पट्टी) सॉफ्टवेअरवर सोडू नका. ते प्रत्येक वर्षाच्या आकड्यांवरून पातळ्या, म्हणजे रंग बदलायचे आकडे, नव्याने ठरवतं. मग दुष्काळी वर्षाचा गडद निळा आणि भरपूर पावसाच्या वर्षाचा गडद निळा शेजारी ठेवले की सारखेच दिसतात, आणि बघणारा सरळ फसतो. पातळ्यांची एकच यादी लिहून ती सगळ्या नकाशांना द्या. यादीच्या दोन्ही टोकांपलीकडचा भागही रंगवायला सांगणारं 'एक्स्टेंड'चं 'बोथ' हे मूल्य द्यायला विसरू नका, नाहीतर यादीबाहेरचा भाग कोरा पांढरा राहतो.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. इगतपुरीच्या घाटात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, तर पूर्वेला येवल्याकडे जेमतेम ५००-६००. समान अंतराच्या पातळ्या घेतल्या तर सगळा पूर्व भाग एकाच रंगात बुडतो, आणि पाण्याची चिंता तर तिथेच! म्हणून मी ४००, ५००, ६००, ८००, १२००, २०००, ३००० अशा पातळ्या घेतो. सोबत 'बाउंड्रीनॉर्म', म्हणजे प्रत्येक पट्ट्याला रंगमालेतला सारखा वाटा देणारा नियम, लावावाच लागतो. तो नसेल तर रंग आकड्याच्या प्रमाणात वाटले जातात आणि खालचे पट्टे पुन्हा एकसारखे दिसतात.

'जेट' ही इंद्रधनुष्यासारखी रंगमाला टाळा. तिच्यातला पिवळा पट्टा प्रत्यक्षात नसलेली सीमा दाखवतो. 'व्हिरिडिस' ही गडदापासून फिकटाकडे जाणारी रंगमाला काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही वाचता येते. सरासरीपासूनचा फरक दाखवायचा असेल तर मात्र दोन टोकांची रंगमाला (मध्ये फिकट, दोन्ही बाजूंना वेगवेगळे गडद रंग) घ्या, आणि शून्य बरोबर फिकट रंगावर आलंय ना, हे रंगपट्टीवर डोळ्यांनी तपासा.