सी प्लस प्लसचं टेम्प्लेट नेमकं चालतं कसं

सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत टेम्प्लेट म्हणजे फंक्शन नाही, फंक्शन बनवायचा साचा आहे, हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्मी भीती जाते. स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॅक्सला (दोनातली मोठी किंमत देणारं टेम्प्लेट) दोन इंट, म्हणजे पूर्णांक, दिले की कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) इंटसाठी फंक्शन बनवतो, डबल, म्हणजे दशांश संख्या, दिले की डबलसाठी वेगळं, आणि हे सगळं कंपाइल होतानाच उरकतं. आता त्याच मॅक्सला 3 आणि 4.5 देऊन बघा, एरर येणारच, कारण एक इंट आणि दुसरा डबल, साच्यात टाइप एकच, मग कंपायलर आपल्या मनाने कुठलाच निवडत नाही. मॅक्सच्या पुढे कोनी कंसात डबल लिहा, झालं काम.

लोक सगळ्यात जास्त अडकतात ते हेडरपाशी, म्हणजे इतर फाइल्समध्ये इन्क्लूड होणाऱ्या फाइलपाशी. टेम्प्लेटची पूर्ण बॉडी हेडरमध्येच ठेवा प्लीज. वेगळ्या सीपीपी फाइलमध्ये (स्वतंत्र कंपाइल होणाऱ्या कोडच्या फाइलमध्ये) टाकली तर दुसरी फाइल कंपाइल होताना ती दिसतच नाही, मग हवं ते फंक्शन बनत नाही आणि शेवटी लिंकर (कंपाइल झालेल्या फाइल्स जोडणारा प्रोग्राम) अनडिफाइन्ड रेफरन्स, म्हणजे फंक्शन सापडत नाही, म्हणून ओरडतो.

पानभर एरर आली तर जीसीसी या कंपायलरमध्ये 'रिक्वायर्ड फ्रॉम हिअर' शोधा, तुमच्या कोडची लाइन तिथेच सापडते. सी प्लस प्लस 20 ही आवृत्ती वापरत असाल तर कन्सेप्ट्स, म्हणजे टेम्प्लेटला कुठले टाइप चालतील याच्या अटी, शिकून घ्याच, एरर बऱ्यापैकी वाचता येतात.