नवी सॅक आधी अजिंक्यताऱ्यावर न्या

दुकानात रिकामी सॅक पाठीला लावली की कुठलीही छानच वाटते. तिचे दोष वजन भरल्यावर आणि तास-दोन तास चालल्यावर बाहेर येतात. म्हणून मोठ्या ट्रेकच्या निदान तीन आठवडे आधी सॅक घरात हवी. घरातली चाचणी होईपर्यंत टॅग कापू नका, बिल जपून ठेवा. मातीनं मळलेली सॅक बदलून मिळणं अवघड.

आधी टेलरची टेप घ्या. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक मणका उठून दिसतो. दोन्ही हात कमरेवर, हाडाच्या वरच्या कडेवर ठेवा, अंगठे मागे. अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ कण्याला जिथे मिळते तिथपासून त्या मणक्यापर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पाठीचं माप. ते दुसऱ्याकडून घ्या, स्वतःचं स्वतः घेता येत नाही. उंचीवरून साइझ ठरवू नका. सारख्याच उंचीच्या दोघांच्या पाठीत सहज ४-५ सेंटिमीटरचा फरक निघतो.

आता वजन. तुम्ही ६० किलोचे असाल तर १२ किलो पुरे, म्हणजे पाचवा हिस्सा. तळाला स्लीपिंग बॅग किंवा घडी केलेली चादर. मधोमध, पाठीला चिकटून, ५ किलो तांदूळ दुहेरी पिशवीत बांधून ठेवा. भोवतीनं कपडे कोंबा, म्हणजे पिशवी हलणार नाही. उरलेलं वजन पाण्याच्या बाटल्यांचं करा. १ लिटर म्हणजे १ किलो, आणि वाटेत फारच त्रास झाला तर पाणी ओतून देता येतं. जड वस्तू बाहेरच्या खिशात गेली की सॅक मागे ओढते आणि खांदे भरून येतात, मग दोष सॅकला दिला जातो.

पट्ट्यांचा क्रम चुकवू नका, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. सगळे पट्टे सैल करून सॅक चढवा. पहिला कंबरपट्टा: त्याच्या गादीचा मध्य कमरेच्या हाडाच्या कडेवर यायला हवा, पोटावर नाही आणि मांडीच्या सांध्यावरही नाही. मग खांद्याचे पट्टे, पाठीला लागतील इतकेच. नंतर खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे. ते साधारण ४५ अंशांत तिरके दिसावेत. छातीचा पट्टा शेवटी, श्वास अडणार नाही असा. आता खांद्याचे पट्टे जरा ढिले करून बघा. सॅक कमरेवर टिकून राहिली तर बसवणी बरोबर आहे. कंबरपट्टा पूर्ण ओढूनही सैल राहत असेल तर सॅक बदलून घ्या, त्याला दुसरा इलाज नाही.

घरात अर्धा तास वावरा, जिने चढा-उतरा. मग पहाटे साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला. शहराला लागूनच असल्यानं काही बिघडलं तर लगेच परतता येतं, आणि नव्या सॅकसाठी तेच महत्त्वाचं. पहिल्या फेरीला अर्धं वजन, दुसऱ्या फेरीला पूर्ण. त्यानंतर जरंडेश्वरच्या डोंगराचा उभा चढ. उतरताना जास्त लक्ष द्या, सॅक डोलते का ते उतारावरच कळतं. डोलत असेल तर बाजूचे दाबपट्टे आवळा. बोटांना मुंग्या येत असतील तर खांद्याच्या पट्ट्यांवर जास्त भार येतोय. ते ढिले करून कंबरपट्टा आवळा. कमरेच्या हाडावर कातडी लाल होऊन दुखत असेल तर पट्टा घसरतोय किंवा शर्टाची घडी अडकली आहे. एका वेळी एकच पट्टा बदला आणि दहा मिनिटं चाला, नाहीतर फरक कशानं पडला ते कळणार नाही.

कास-बामणोलीकडच्या पावसात जायचं असेल तर पाण्याची परीक्षा घ्याच. प्रत्येक कप्प्यात रद्दीचा कागद ठेवा, रेनकव्हर चढवा आणि शॉवरखाली १५ मिनिटं धरा. ओला कागद गळती दाखवतो. बहुतेक वेळा पाणी पाठीच्या बाजूनं शिरतं, कारण कव्हर तिथे नसतंच, आणि ते तळाशी साचतं. म्हणून आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी हवीच, कव्हर कितीही चांगलं असलं तरी.

सॅक भरलेली असताना तिची चेन ओल्या हातांनी पंधरा-वीस वेळा उघडझाप करून बघा. खांद्याचा पट्टा जिथे शिवलाय तिथली शिलाई पूर्ण वजनाच्या फेरीनंतर पुन्हा तपासा. टाके ताणून भोकं मोठी दिसली तर सॅक परत करा. भरलेली सॅक एका खांदेपट्ट्याला धरून उचलू नका, वरच्या हँडलनं उचला. एकाच पट्ट्याला बसणाऱ्या झटक्यानंच शिलाई उसवते. ट्रेकला निघताना दाभण, नायलॉनचा दोरा आणि कंबरपट्ट्याचं एक जादा बक्कल सोबत ठेवा. सगळं जुळलं की पट्ट्यांवर मार्करनं खूण करा. वाटेत कोणी तुमची सॅक घेऊन पट्टे हलवले तरी मूळ माप लगेच सापडेल.