ईस्टरचे बन, मार्झिपान आणि फुगे : मुंबईच्या उकाड्यात या चुका टाळा

ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलनंतर जात नाही. म्हणजे मुंबईकरांच्या वाट्याला थंडीतला ईस्टर कधीच नाही. बाहेर ३२-३३ अंश, हवा दमट आणि ओव्हन लावलेल्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त. पाककृती मात्र आपण बऱ्याचदा विलायतेच्या वाचतो, जिथे लोणी ओट्यावर ठेवलं तरी तासभर आकार सोडत नाही. बिघडतं ते इथेच.

गुड फ्रायडेच्या हॉट क्रॉस बनांपासून, म्हणजे वर क्रूसाची खूण असलेल्या मसालेदार गोड पावांपासून, सुरुवात करू. ‘पीठ दीड तास झाकून ठेवा’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये ते पाऊण तासातही दुप्पट होतं आणि उरलेल्या वेळात आंबत बसतं. असे बन ओव्हनमध्ये जाताच खाली बसतात आणि खाताना आंबूस लागतात. म्हणून घड्याळापेक्षा पिठाकडे लक्ष द्या. बोटाला मैदा लावून हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर थोडं थांबा, हळूहळू अर्धवट भरला तर पीठ तयार आहे, आणि तसाच राहिला तर जास्त फुगलंय. तसं झालं तरी टाकून देऊ नका. हवा काढून पुन्हा गोळे वळा आणि या वेळी निम्म्या वेळातच ओव्हन गाठा.

उलट तक्रारही ऐकू येते, पीठ फुगतच नाही. बहुतेक वेळा गरम दूध हे कारण असतं. साधारण ५५-६० अंशांना यीस्ट मरतं. बोट निवांत बुडवून ठेवता येईल इतकंच दूध कोमट हवं. ड्राय यीस्ट साखर घातलेल्या दुधात टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटांत फेस आला नाही, तर ते सरळ ओतून द्या. अर्धा किलो मैदा वाया घालवण्यापेक्षा ते परवडतं. दालचिनीही बेताने घाला, ती जास्त झाली की यीस्ट मंदावतं. अर्धा किलो मैद्याला सगळा मसाला मिळून दोन छोटे चमचे पुरे. मनुका भिजवून, कोरड्या पुसून घ्या. कोरड्याच घातल्या तर पिठातलं पाणी ओढतात, ओल्या घातल्या तर पीठ चिकट होतं.

आणि तो क्रॉस! आयसिंगने काढून बन भाजायला ठेवले तर साखर वितळून ट्रेवर जाते. मैदा आणि पाणी घट्टसर कालवून, दुधाच्या धुतलेल्या पिशवीचा कोपरा कापून त्यातून रेषा ओढा, तेही भाजण्याआधी. चकाकी हवी असेल तर साखरेचा पाक बन बाहेर काढल्याबरोबर, गरम असतानाच लावा.

मार्झिपान म्हणजे बदामपूड आणि साखरेचा मळलेला गोळा. त्याची अंडी आपल्याकडे बदामाऐवजी काजूची होतात, आणि मला विचाराल तर चवीला ती कमी नाहीत. पण काजू मिक्सरमध्ये सलग फिरवले की भांडं तापतं, तेल सुटतं आणि पुढे गोळा तुपकट होतो. काजू थोडे फ्रिजमध्ये गार करा, त्यात साखर मिसळा आणि थांबून थांबून फिरवा. शिजवताना गोळा कडा सोडू लागला की गॅस बंद करा. कोरडा होऊन तडकत असेल तर गुलाबपाणी चमचाभर शिंपडून मळा. रंग जेलचाच घ्या, पाण्यासारख्या रंगाने गोळा सैल पडतो. सगळ्यात सर्रास होणारी चूक म्हणजे तयार अंडी उघडीच फ्रिजमध्ये ठेवणं. बाहेर काढली की त्यांच्यावर दव जमतं आणि रंग ओघळतात. ती पंख्याखाली वाळवा, जमल्यास एसीच्या खोलीत, आणि मग हवाबंद डब्यात भरा. हे काम ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातच उरकायला हवं. शनिवारी रात्री मिस्सा (चर्चमधली उपासना) असते, त्या दिवशी कुणाला सवड आहे?

चॉकलेटच्या अंड्यांबद्दल थोडक्यात सांगते: शुद्ध कोको बटरचं चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा एसी नसेल तर कंपाउंड चॉकलेट (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं) घ्या आणि वितळवताना त्यात पाण्याचा थेंबही पडू देऊ नका.

सिमनेल केक, म्हणजे विलायतेतला ईस्टरचा फ्रूट केक, हल्ली इथेही हौसेने करतात. वर मार्झिपानच्या ११ गोळ्या, येशूला दगा देणारा यहूदा वगळून त्याच्या उरलेल्या शिष्यांसाठी. या केकच्या पोटातही मार्झिपानचा थर असतो. केक झाला का हे पाहायला सुरी घातली की ती चिकटच बाहेर येते, आणि लोक केक कच्चा समजून आणखी अर्धा तास भाजतात. सुरीला लागलंय ते पीठ आहे की वितळलेलं मार्झिपान, हे बोटाने चोळून बघा. लोणीही मुंबईत फ्रिजबाहेर दहा-पंधरा मिनिटंच ठेवा, तेलकट झालेलं लोणी साखरेबरोबर फेसलं जात नाही. अंडी घालताना मिश्रण फाटलं तर चमचाभर मैदा टाका.

रविवारच्या जेवणात ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक) घरांत विंदालूबरोबर फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, हवेतच. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि यीस्ट (पूर्वी ताडी) यांचं हे पीठ सैल, पण मुठीतून दाबल्यावर गोळा होऊन सुटेल इतपत असावं. धार लागली तर मूठभर मैदा घाला आणि थोडं मुरू द्या. तेल धूर येईपर्यंत तापवू नका, फुगे बाहेरून लाल आणि आतून कच्चे राहतात. पिठाचा थेंब टाकल्यावर तो तळाशी जाऊन लगेच वर यावा, पण काळा पडू नये. विंदालू आदल्या दिवशी केली की मुरते. फुगे मात्र सकाळीच तळा, आणि गरम असताना स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवू नका. वाफेने ते ओलसर होतात. रोळीत पसरा, वर पातळ फडकं टाका, आणि पाहुणे आले की मगच ताटात वाढा.