पाऊस आला की लिंक बसायची

घरापासून मळ्यातल्या पोल्ट्री शेडपर्यंत सव्वा किलोमीटर. मध्ये नेटवर्कची बिनतारी लिंक: दोन्हीकडे पाइपावर ५ गिगाहर्ट्झचे डिश रेडिओ, खाली २४ व्होल्टचे पीओई अडॅप्टर (नेटवर्क केबलमधूनच रेडिओला वीज देणारे). उन्हाळाभर झकास चाललं. जूनमध्ये पाऊस लागला आणि लिंक दिवसातून चार-चारदा पडायला लागली.

जो तो म्हणे, पाऊस सिग्नल खातो. पण या फ्रिक्वेन्सीला एवढ्या अंतरात पावसाचा फारसा फरक पडत नाही. मग वाटेतल्या बाभळीवर संशय. मध्यावर फ्रेनेल झोनची (दोन रेडिओंमधल्या सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणाऱ्या जागेची) त्रिज्या साधारण ४ मीटर येते, त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. फांद्या छाटल्या. काही उपयोग नाही, वर काटे मात्र भरपूर खाल्ले.

शेवटी शेडवरच्या रेडिओचं स्टेटसचं पान नीट वाचलं (हे आधी करायला हवं होतं). सिग्नल -५८ डीबीएम, उन्हाळ्यात होता तेवढाच. अपटाइम, म्हणजे रेडिओ शेवटचा चालू झाल्यापासूनचा वेळ, मात्र ११ मिनिटं! म्हणजे लिंक तुटत नव्हती, शेडवरचा रेडिओच बंद होऊन चालू होत होता.

अडॅप्टरमधला आरजे-४५ (नेटवर्क केबलचा प्लग) काढला तर पिना हिरव्या आणि आतून पाण्याचा थेंब. बसवणाऱ्यानं घरातली करडी केबल बाहेर वापरलेली. उन्हानं तिचं आवरण वर तडकलं होतं, तिथून शिरलेलं पाणी केबलच्या आतूनच खाली अडॅप्टरपर्यंत उतरत होतं.

काळी आउटडोअर केबल ओढली, अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबलमध्ये व्होल्टेज जास्त पडतं. रेडिओचं केबल शिरायचं तोंड खाली, केबलला भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ, अडॅप्टर नवा. परवा रात्रभर कोसळला, अपटाइम १९ दिवस.