कानस घसरली तेव्हा कळलं

गिरणगावातल्या गिरणीचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आणि मागे एक चिमणी, एवढंच शिल्प. कोल्हापूरला एका फाउंड्रीत बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतून घेतलं. छपराची कड साफ करायला कानस लावली तर ती नुसती घसरायची. ड्रिलचं टोक जळालं. हातोडीचा हलका टोला बसला आणि एक दाता कटकन तुटला.

तुटलेली जागा चांदीसारखी पांढरी! चिमणीच्या जाड बुडात मात्र नवं ड्रिल सहज शिरलं, काळी भुकटी पडली. फाउंड्रीचे मिस्त्री म्हणाले, "अहो, दोष बिडाचा नाही, तुमच्या पॅटर्नचा." (मला आधी राग आला.) पॅटर्नमध्ये, म्हणजे ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्यात, छपराची जाडी मी हौसेने ४ मिमी ठेवली होती. पातळ भाग झटकन थंड होतो, कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळच मिळत नाही. मग कठीण, ठिसूळ पांढरं बीड तयार होतं.

दुसऱ्या खेपेला छप्पर ८ मिमी केलं, आतले कोपरे मेण भरून गोलसर केले. ओतायच्या अगदी आधी मिस्त्रींनी लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेल्या बिडाच्या पळ्यात, थोडं फेरोसिलिकॉन टाकलं; त्याने ग्रॅफाइट व्हायला मदत होते. आधीच टाकून ठेवलं तर त्याचा गुण उतरतो म्हणे. साचाही रात्रभर उघडला नाही. सकाळी कानस लावली, ती चावली.

छप्पर थोडं जाडजूड दिसतं, पण खऱ्या गिरण्याही काही नाजूक नव्हत्या. गंज मुद्दाम चढू दिला, वर जवसाचं तेल. तुटलेला दाता टेबलावर आहे, कागद दाबायला.