बिचकणाऱ्या मुलाला पहिले बालनाट्य दाखवताना

लहान मूल नाटकातल्या राक्षसाला किंवा चेटकिणीला घाबरते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पुष्कळ मुलांचा धीर राक्षस येण्यापूर्वीच, तिसरी घंटा होऊन दिवे मालवले जातात त्या क्षणी सुटतो. माझी मुलगी चार वर्षांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा बालनाट्याला नेले. अंधार झाला, ध्वनिक्षेपकातून एकदम संगीत सुरू झाले आणि तिने माझ्या खांद्यात तोंड खुपसले ते वर काढलेच नाही. पहिला अंक आम्ही बाहेरच्या बाकावर बसून नुसता ऐकला. तिला नाटकाची गोष्ट तोंडपाठ होती, पण नाट्यगृह म्हणजे काय हे कोणी सांगितले नव्हते, आणि ती चूक आमची होती.

बिचकणाऱ्या मुलाला थेट बंद नाट्यगृहात नेण्याआधी एखादा उघड्यावरचा कार्यक्रम दाखवावा. सोसायटीच्या गणेशोत्सवातले कार्यक्रम यासाठी उत्तम, कारण तेथे मांडवात उजेड असतो, ओळखीची माणसे असतात आणि कंटाळा आला की मूल उठून चार पावले पळून येऊ शकते. कोकणात जाणे झाले तर कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाच्या कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जरूर दाखवावा. राक्षस हातभर उंचीचा आणि दोऱ्यांना लटकलेला असला म्हणजे त्याची भीती बेताची राहते. त्यानंतर बालनाट्य निवडताना शक्यतो सकाळचा किंवा दुपारी लवकरचा प्रयोग घ्यावा. झोपेची वेळ चुकवून आणलेले मूल घाबरट नसले तरी रडते.

तिकिटे काढताना सर्वाधिक विचार खुर्चीचा करावा. ‘मुलांना नीट दिसावे’ म्हणून आपण हौसेने पहिल्या रांगा घेतो, पण ध्वनिक्षेपक बहुधा रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना असतात, धुराच्या यंत्राचा धूर पहिल्यांदा पुढेच उतरतो आणि रंगवलेले चेहरे हाताच्या अंतरावर येतात. प्लॅन, म्हणजे तिकिटांसाठी खुर्च्यांचा आराखडा, उघडल्यावर मधल्या किंवा त्यामागच्या रांगांतील, वाटेला लागून असलेली आणि दाराच्या बाजूची खुर्ची धरावी, म्हणजे उठावे लागले तर दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. बाल्कनीत गर्दी कमी असली, तरी तीव्र उतार आणि समोरचा कठडा यांमुळे लहान मुलाला काही दिसत नाही आणि पालकाचा जीव टांगणीला लागतो तो वेगळाच. एक गोष्ट कोणी सांगत नाही: दुमडणाऱ्या खुर्चीची बैठक लहान मुलाच्या वजनाने खाली टिकत नाही, ती हळूहळू वर येते आणि मूल पाय छातीशी घेऊन खुर्चीच्या घडीत अडकते. अंधारात हे घडले की मुलाला खुर्चीच आपल्याला गिळते आहे असे वाटते. पालकाने आपला हात किंवा भरलेली पिशवी बैठकीच्या कडेवर दाबून ठेवावी, नाहीतर मुलाला सरळ मांडीवर घ्यावे.

घरची तयारी दोन-तीन दिवस आधी सुरू करावी आणि गोष्ट शेवटापर्यंत सांगून टाकावी. रहस्य फुटेल ही चिंता मोठ्यांची असते, लहान मुलाला शेवटी सगळे नीट होते हे आधी कळलेले हवे असते. चार वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाला वेष बदलला की माणूसच बदलला असे वाटू शकते, म्हणून नटाचा साधा फोटो आणि रंगभूषेतला फोटो शेजारी ठेवून दाखवावेत. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकर यांनी आणि २०१८ पासूनच्या नव्या संचात वैभव मांगले यांनी रंगवली, हे मुलाला सांगितले की ‘म्हणजे तो काका आहे?’ हा प्रश्न येतो आणि निम्मे काम तेथेच होते. त्याखेरीज घरी देवघरातील घंटा तीनदा वाजवून दिवा बंद करण्याचा आणि विजेरीच्या झोतात एखादे खेळणे नाचवण्याचा खेळ खेळावा. बटण मुलाच्याच हाती द्यावे, कारण अंधार आपण केला आणि आपणच घालवला हा अनुभव कोणत्याही समजावण्यापेक्षा उपयोगी पडतो.

प्रयोगाच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचावे. प्रेक्षागृह उघडताच, दिवे पूर्ण असताना आत जाऊन पडदा, आपली खुर्ची आणि बाहेर जाण्याचे दार मुलाला बोटाने दाखवावे. स्वच्छतागृहाचे काम पहिल्या घंटेपूर्वी उरकावे. वातानुकूलित प्रेक्षागृहात मुलांना हुडहुडी भरते, म्हणून एक स्वेटर न विसरता घ्यावा. आवाजाला दचकणाऱ्या मुलासाठी कानांवर बसणारे, आवाज अडवणारे हेडफोन सोबत असावेत. अंधारात धीर देण्यासाठी मोबाइलची स्क्रीन सुरू करू नये. इतरांना त्रास होतो आणि मुलाचे डोळेही अंधाराला सरावत नाहीत.

दिवे जाण्याच्या क्षणी ‘घाबरू नकोस’ म्हणू नये, कारण त्यातला ‘घाबरू’ हाच शब्द मुलाच्या कानी राहतो. त्याऐवजी ‘आता अंधार होईल, मग निळा उजेड येईल’ असे पुढचे सांगावे आणि पाठीवर हात ठेवावा. बाहेर जायचे आहे, असे मूल म्हणाले की वाद न घालता उठावे. शेजारच्या रांगेतली ‘ती छोटी बघ कशी शहाण्यासारखी बसली आहे’ ही तुलना तर कटाक्षाने टाळावी. घाबरलेले मूल अशा तुलनेने शहाणे होत नाही, फक्त गप्प होते. बाहेर पाणी प्यायला द्यावे, थोड्या वेळाने ‘दारातून डोकावू या का?’ असे विचारावे आणि द्वारपालाची परवानगी घेऊन, कोणाच्या वाटेत न येता, दाराशी उभे राहून पाहू द्यावे. आमची मुलगी मध्यंतरानंतर दुसरा अंक अशीच, माझे बोट धरून, दाराला पाठ लावून पाहत उभी होती.

प्रयोग संपल्यावर कलाकारांसोबत फोटो काढण्याची सोय असेल, तर रांगेत उभे राहण्याआधी मुलाला विचारावे. नकार आला तर दुरून हात हलवणे पुरे. अर्ध्यातून परतावे लागले असेल, तर राहिलेली गोष्ट त्याच रात्री पूर्ण सांगावी आणि पुढचे तिकीट मूल स्वतः विषय काढेपर्यंत काढू नये.